सिंधूबाईंची फाइल

आमच्या कामात किस्से साठत जातात, कारण फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकानाच नसतो. फाइल कपाटात जाते, किस्सा आपल्याबरोबर खोलीवर येतो. माझ्या खोलीवर तो ऐकायला कोणी नाही. परदेशातल्या वर्गमैत्रिणी माझ्या संध्याकाळी त्यांच्या ऑफिसात असतात. म्हणून तुम्हालाच सांगते.

काम असं. सुरतच्या डिंडोलीत खाडीचं पाणी घरांत शिरलं. पुरानंतर कागदपत्रं, डॉक्टर, नवी खोली, जे जे मिळायला हवं ते पदरात पडेपर्यंत प्रत्येक घरामागे एक माणूस उभा हवा. काही घरांमागचा तो माणूस म्हणजे मी. हेच शिकायला लांब गेले आणि हेच करायला सुरतला परत आले. पुरातून वाचलेल्या माणसाला दारोदार एकट्याने हिंडावं लागू नये, असं मला अजूनही मनापासून वाटतं.

*

पहिलं घर सिंधूबाईंचं. साठीच्या, मूळच्या धुळ्याकडच्या. नवरा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होता, तो वारला. घरात त्या एकट्याच. घरी बसून साड्यांना टिकल्या लावतात.

मी शिकल्याप्रमाणे विचारलं, "मावशी, एक ते दहामध्ये मनावर किती ताण आहे?"

त्यांनी बराच विचार केला. "पास होवाले कितला लागतस?"

*

सरकारी पाहणीत 'राहण्यालायक नाही' असा शेरा मिळाला, तरच सिंधूबाईंना खाडीपासून दूर, वरच्या मजल्यावर खोली मिळणार होती. पाहणीच्या दोन दिवस आधी मी फोन केला, "साहेब घर बघायला येणार आहेत. तयारीत राहा."

त्या राहिल्या तयारीत. चिखल खरवडून काढला, भिंतींना चुना दिला, उंबऱ्यावर रांगोळी काढली. साहेब आत आले, चहा प्यायले आणि लिहून गेले, 'घर सुस्थितीत.'

मला रडू यायचं बाकी होतं. सिंधूबाई खुशीत होत्या. "साहेब दोन डाव म्हने, घर चांगलं से."

*

फेरपाहणीसाठी मी अर्जांवर अर्ज केले. आमचे ऑफिसप्रमुख मेहुलभाई प्रत्येक अर्जावर सही करत आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत. शेवटी म्हणाले, "बेन, केस बंद करवानो होय, पाळवानो नहि."

*

फेरपाहणीला दुसरे साहेब आले. पांढऱ्याशुभ्र भिंतींकडे बघून म्हणाले, "पाणी आलं होतं याचा पुरावा काय?"

चूक माझीच होती.

सिंधूबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. मिलच्या गेटसमोर उभा असलेला त्यांचा नवरा. काच बाहेरून लख्ख पुसलेली, पण आतून चिखलाची रेघ आडवी गेलेली.

"साहेब, पानी यास्ना छातीलोंग उनं व्हतं."

साहेबांनी जमिनीपासून त्या रेघेपर्यंत टेप लावली. शेरा बदलला.

सिंधूबाई पदराने काच पुसत म्हणाल्या, "आन यास्ले पोहता बी ये नही."

*

मधे एक फॉर्म आम्हालाही भरायचा होता. 'कामाचा त्रास झाला तर कोणाशी बोलाल?' मी ती ओळ कोरी ठेवली. मेहुलभाईंनी फॉर्म परत केला, अर्धवट चालत नाही म्हणून. मग मी त्यांचंच नाव लिहिलं.

ते दचकले. "मारुं नाम केम? हुं तो सांजे छ वागे फोन बंद करी दउं छुं."

*

खोली मिळाली. तिसरा मजला, मोठी खिडकी, खाडी दिसतसुद्धा नाही. सामान लागल्यावर मी फाइल बंद करायच्या कागदावर सिंधूबाईंची सही घेतली. त्यांनी सावकाश नाव लिहिलं आणि विचारलं, "मंग आते तू येशी नही का?"

नियम असा आहे की फाइल बंद झाली की भेटी बंद. पुढची घरं वाट बघत असतात. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

दहा-बारा दिवसांनी दुपारी फोन आला.

"बेटी, घरमा पानी घुसनं. फाइल लई ये."

बाहेर रणरणतं ऊन होतं. "मावशी, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता."

"तरी घुसनं."

मी गेले. तिन्ही जिने चढले. दार उघडंच होतं. खोलीच्या मधोमध पाणी पसरलं होतं. कोपऱ्यात बादली पालथी. गॅसवर चहा उकळत होता आणि ओट्यावर दोन कप होते. सिंधूबाई खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या.

मी चपला बाहेर काढल्या, ओल्या फरशीच्या कडेला मांडी घातली आणि पिशवीतून नवा फॉर्म काढला. नाव. पत्ता. पाण्याची उंची. टेप उभी धरली.

"पाव इंच," मी म्हटलं.

"लिख," सिंधूबाई म्हणाल्या.