छू म्हटल्यावर

आधीच माफी मागतो. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराबाहेर कुणी काही लिहिलेलं नाही, आणि मी तरी कोण, आत्ता कुठे सेकंड इयरला आहे. गावात राहिलेल्यांना वाटेल, चार बुकं शिकला आणि बापाची बदनामी करायला लागला. माझ्यासारखे निघून आलेले म्हणतील, यात नवीन ते काय. दोघांचंही बरोबर असेल. तरी लिहितो, कारण ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्याला बोलता येत नव्हतं.

मी निघालो त्या सकाळपासून सांगतो. आमचं गाव फलटणच्या पुढे. माझे वडील, तात्या, दुसऱ्यांच्या डाळिंबाच्या बागा राखतात. त्यांच्याकडे दोन हत्यारं होती. एक वेताची काठी आणि दुसरा भुऱ्या, आमचा कुत्रा. तात्यांनी "छू" म्हटलं की भुऱ्या समोर असेल त्याच्यावर जायचा. रानडुक्कर, माकड, चोर. एकदा बांधावरून चाललेला एक साधा वाटसरूही. त्याच्या पोटरीचा लचका निघाला तेव्हा तात्या हसले होते. काठी मात्र घरच्यांसाठी होती. आईसाठी, माझ्यासाठी आणि भुऱ्यासाठीही. मार खाऊन झाला की मी आणि तो एकाच कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसायचो.

कॉलेजचं ठरल्यापासून तात्या माझ्याशी बोलले नव्हते. बागेला दुसरा राखणदार हवा होता आणि त्यासाठी त्यांनी मलाच धरलं होतं. मी बॅग उचलून फाट्याकडे वळलो, तसे ते अंगणात येऊन उभे राहिले.

"जातो म्हनतोस? जा. बघू कसा जातोस." मग कुत्र्याकडे बघून, "भुऱ्या, छू!"

भुऱ्या सुटला. त्याच्या पंजांचा आवाज मला ओळखीचा होता. मी डोळे मिटले. तो आला आणि माझ्या पायांवर उताणा पडला, पोट वर करून. तात्या पुन्हा ओरडले, "छू!" भुऱ्यानं शेपटी हलवली. दारातून आई म्हणाली, "पळ, एष्टी आली." मी पळालो. मागून काठीचा आवाज आला, मग भुऱ्याचा. मी थांबलो नाही. पुण्यात स्वारगेटला उतरलो तेव्हा बॅगेचा बंद धरलेली माझी बोटं सरळ होत नव्हती.

त्यानंतर दर रविवारी आईला फोन. पहिला प्रश्न ठरलेला.

"भुऱ्या बरा हाय ना?"

"हाय की. आत्ताच भाकर खाल्ली. पडलाय उन्हाला."

एवढं ऐकलं की मगच मला बाकीचं बोलता यायचं. सुट्टीत गावी गेलो नाही. तात्यांची भीती होती, आणि इथे एक जबाबदारी गळ्यात पडली होती.

कॉलेजच्या सरांनी कर्वेनगरात एका निवृत्त शिक्षिकेकडे, काकूंकडे, माझी सोय करून दिली. बंगल्यामागची खोली माझी, त्याबदल्यात त्यांची कुत्री सांभाळायची. मी मोठी राखणीची कुत्री असेल असं धरून गेलो. समोर आली ती मांजराएवढी, डोक्यावर केसांचा बुचडा, तोही रबरबँडने बांधलेला.

"शित्झू जातीची आहे," काकू म्हणाल्या. "नाव छू."

मी एक पाऊल मागे सरलो. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, चावत नाही ती. दात आहेत, पण दाखवण्यापुरते."

काकूंच्या अमेरिकेतल्या नातीला लहानपणी शित्झू म्हणता यायचं नाही, त्यातून हे नाव पडलं होतं.

मी शिकत गेलो. रोज केसांतला गुंता सोडवायचा. कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायचे. नाक चपटं, धाप लवकर लागते, म्हणून उन्हात न्यायचं नाही. गळ्यात पट्टा नाही, छातीला हार्नेस. डोळे इतके बाहेर की मान जोरात दाबली गेली तर डोळा निघू शकतो, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं.

एकदा कंगवा घ्यायला मी हात वर केला, तर ती तशीच बसून राहिली. हात वर झाला की भुऱ्या जमिनीला चिकटायचा. हिला कुणी कधी मारलंच नव्हतं. मला तिचा हेवा वाटला. खरं लिहितो, त्या दिवशी मी कंगवा मुद्दाम जोरात ओढला. ती कळवळली, आणि लगेच माझाच हात चाटायला लागली.

तिचं नाव माझ्या तोंडून निघत नसे. मी "बाई" म्हणायचो. काकूंनी ऐकलं. "नाव वापरायला ठेवलंय, कपाटात ठेवायला नाही." मग मी हळू आवाजात छू म्हणायला लागलो.

या वर्षी थंडी सरताना एका सकाळी माझ्याकडून हार्नेसची क्लिप नीट लागली नाही. ती फाटकातून थेट रस्त्यावर गेली. समोरून पाण्याचा टँकर येत होता. मी ओरडलो, "छू! छू!"

काकू ते नाव लांबवत, लाडाने म्हणतात. माझ्या तोंडून हुकूम निघाला. आवाज तात्यांचा होता. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनमामांनी कोपऱ्यावरची दोन भटकी कुत्री खायला घालून सांभाळली होती, आणि अनोळखी बाइकवाल्यांवर सोडायला त्यांना हाच शब्द शिकवला होता. दोन्ही सुटली. टँकर थांबला, कुत्री थांबली नाहीत. एकाने तिची मान धरली आणि चिंधीसारखी झटकली.

फाटकामागे काठी होती. मी मारायला लागलो. दुसरं पळालं. पहिल्याच्या तोंडातून ती केव्हा पडली मला कळलं नाही. ते गटाराच्या कडेला उताणं पडलं होतं, पोट वर करून, आणि मी मारतच होतो. हाताला बरं वाटत होतं. हेही खरं लिहितो.

"सोड," काकू मागून म्हणाल्या. त्यांच्या पदरात छू होती आणि पदर लाल झाला होता. "त्याने केव्हाच सोडलंय. आता तू सोड."

वॉचमनमामा धावत आले. "आरं बाबा, छू कशाला म्हणलास? छू म्हणल्यावर ते काय करनार?"

छूचा डावा डोळा काढावा लागला. त्या कुत्र्याचा पाय मोडला. मामांनी त्याला स्वतःच्या केबिनमध्ये ठेवून घेतलं आणि पुढे कित्येक दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. मी बॅग भरून काकूंच्या दारात उभा राहिलो.

"कुठे निघालास?"

"काकू, माझ्यामुळे..."

"ते मला दिसलं. तिला आता डावीकडचं दिसत नाही. त्या बाजूने तू चालायचं. आणि ती बॅग आत ठेव, वाटेत येते आहे."

तेव्हापासून मी छूच्या डावीकडून चालतो. कंगवा घ्यायला हात वर करतो तेव्हा आधी तिच्याकडे बघतो. ती अजूनही तशीच बसून राहते. घर कुठे, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी फलटणच्या पुढचं सांगायचो. आता माझा हात वर होऊनही जिथे कुणी दबत नाही, ती जागा माझ्या डोळ्यांसमोर येते.

त्या रविवारी आईला सगळं सांगितलं. "आई, मी तात्यांसारखं मारलं गं." मग मी सवयीने विचारलं, "भुऱ्या बरा हाय ना?"

या वेळी भाकरीचं काही आलं नाही.

"बाळा, आता न्हाई खोटं बोलवत. तू एष्टीत चढायच्या आधीच त्यो गेला. शेवटपतुर उताणाच पडला हुता. तात्या मारत हुतं तरी उठून पळाला न्हाई."