मानाचा कारभारी

अरशद सोलकर कुवेतहून परत आला तो आईच्या डोळ्यांसाठी, आणि रत्नागिरीत टिकला तो आप्पा बेहेऱ्यांसाठी. त्याच्या राजिवडा मोहल्ल्यात लोक वेगळंच सांगत. तिकडे डाळ शिजली नाही म्हणून आला, असं. लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं! तिकडे एका मोठ्या कंपनीच्या संगणक विभागात त्याचं उत्तम चाललं होतं. पण अम्मीला दिसेनासं झालं, वडील मुसाभाई आधीच गेलेले, घरी दुसरं कोणी नाही. पोरगा बॅग भरून निघून आला.

आप्पा हे मुसाभाईंचे जुने दोस्त. मुसाभाई जहाजावर असताना त्यांनी आप्पांचा पहिला संगणक आखातातून गोधडीत गुंडाळून आणला होता. त्यावर आप्पांनी बाजारपेठेत टायपिंगचं दुकान काढलं. दुकानाची कचेरी झाली आणि दोन हजार तीनच्या सुमाराला तिथे एक सर्व्हर येऊन बसला. गणपतीपुळ्याची लॉज, गुहागरचे सुपारीवाले, आंब्याचे बागायतदार, सगळ्यांच्या वेबसाइट त्या एका पेटीत. अरशद आल्याचं कळताच आप्पांनी त्याला बोलावून घेतलं. म्हणाले, "हे आजपासून तू बघायचंस. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण तू मुसाचा मुलगा आहेस, मला घोर नाही."

बाप गेल्यानंतर असं कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं. सर्व्हर बंद पडला तर तो चालू करता येतो, पण आप्पांच्या मनातून उतरलो तर परत कसं चढायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला खरी भीती होती ती तेवढीच.

आता कचेरीची तऱ्हा ऐका. सर्व्हरचा पासवर्ड एकच, आणि तो म्हणजे आप्पांच्या नातीचं नाव. कचेरीतल्या सर्वांना तो माहीत, लॉजवाल्यांना माहीत, खालच्या चहावाल्या बाबल्यालाही माहीत. वेगळा पासवर्ड मागणं म्हणजे शेजाऱ्यावर संशय घेणं, असा तिथला हिशेब. मग एके दिवशी हापूसच्या पानावर गेल्या सालचा भाव झळकला. बागायतदार खवळून आले. कोणी केलं? सर्व्हर म्हणे, ॲडमिनने केलं. आणि ॲडमिन तर सगळेच! सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि चहा मागवला.

अरशदचं डोकं फिरलं. कुवेतमध्ये तो एक गोष्ट पक्की शिकून आला होता. हक्क माणसाला द्यायचा नसतो, कामाला द्यायचा असतो. माणूस कोणाचा कोण, वयाने केवढा, हे सर्व्हरला विचारायचंच नाही. त्याचं काम काय, तेवढं विचारायचं आणि त्या कामाला लागेल तेवढंच दार उघडायचं. त्याने तीन भूमिका ठरवल्या: बघणारा, भरणारा आणि कारभारी. बघणाऱ्याने नुसतं बघावं. भरणाऱ्याने आपापल्या पानावर भाव आणि बुकिंग भरावं, पण पुसण्याचं बटणच त्याच्या पडद्यावर दिसू नये. आणि कारभाऱ्याला सगळं मोकळं. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. ऑपरेटर उमाताई भरणाऱ्यांत गेल्या. कारभारी स्वतः अरशद.

आणि आप्पा?

कामाच्या हिशेबाने उत्तर सोपं होतं. आप्पा पडद्याला हात लावत नसत. वेबसाइटवर किती माणसं येऊन गेली एवढं विचारून खूश होत. म्हणजे ते बघणारे. पण ते नाव त्या रकान्यात घालायला अरशदचा हात काही उठेना. शेवटी त्याने अम्मीला विचारलं. तिला सर्व्हर म्हणजे काय ते कळायचं कारण नव्हतं, पण माणसं कळत होती.

"ज्याचं घर, त्यालाच तू खिडकीतनं बघायला लावणार?" ती म्हणाली. "तुझ्या बापाला काय वाटलं असतं रे?"

झालं. अरशदने आप्पांना कारभाऱ्यांत बसवलं. आता शिमग्यात पालखीचा पहिला खांदा ज्या घराचा, त्या घरचा मानकरी थकलेला असला तरी पालखीला नुसता हात लावतो आणि ओझं तरणी पोरं उचलतात. मान मानाच्या जागी, काम कामाच्या जागी. लहानपणापासून बघितलेली रीत होती, तिच्यात चूक आहे असं त्याला वाटलंही नाही. पण पालखीला कळतं हो, खांदा कोणाचा आणि मान कोणाचा. सर्व्हरला कुठून कळणार? त्याच्या लेखी आप्पा पुरते कारभारी होते.

आप्पा मात्र हरखले. "आम्ही कारभारी बरं का!" असं बाबल्यालासुद्धा सांगून आले.

पुढच्या मे महिन्यात, ऐन सुट्टीच्या गर्दीत, गणपतीपुळ्याच्या लॉजांचं सगळं बुकिंग सर्व्हरवरून पुसलं गेलं. अरशदने आठवड्यापूर्वीची प्रत काढून परत चढवली, पण मधल्या दिवसांचं गेलं ते गेलंच. पुसणाऱ्याचं नाव सर्व्हरने आता स्पष्ट लिहून ठेवलं होतं. आप्पा बेहेरे. वेळ भर दुपारची. आणि भर दुपारी आप्पा घरी आडवे झालेले असतात, हे अख्ख्या आळीला माहीत.

दुपारी पडद्यासमोर उमाताईच असत. अरशदने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तर त्यांना रडूच फुटलं. "आप्पांनीच दिलान हो मला पासवर्ड. म्हणाले, चष्म्यातनं अक्षरं दिसत नाहीत, रोज माझं पान तूच उघडून दाखव. मग मी दिवसभर त्यातच काम करायचे. गेल्या सालचं जुनं बुकिंग साफ करायला गेले, तर सगळंच पुसलं गेलं. माझ्या पानावर ते पुसायचं बटण नव्हतंच, अरशदभाई. त्यांच्या पानावर होतं." उमाताईंचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळून होता आणि घर त्यांच्या एकटीच्या जिवावर चाललं होतं. अरशद त्यांना काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी धाकू शेठ आला. पुळ्यात त्याचं मोठं लॉज. आला तो जिन्यावरूनच ओरडत. "माज्या अंगणात मान्सा पोराबाळांसकट उनात उभी ऱ्हायली! एकेका खोलीला दोन-दोन गिऱ्हाइका! कोनी केलान ह्या? आता तर तुमी समद्यांची नावां वेगळी केलीत ना? मग नाव सांगा!"

वेगळी नावं अरशदनेच केली होती. नाव सांगता यावं म्हणूनच तर केली होती. तेवढ्यात धाकू शेठ पडद्याकडे वळला. नाव समोरच होतं.

आप्पा खुर्चीतून उठले. त्यांनी नाव वाचलं. एकदा उमाताईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून, पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. मग म्हणाले, "माझं नाव आहे ना? मग मीच केलं. नुकसान काय ते सांग, धाकू."

"म्हातारपनी हात थरथरतंत, तर कशाला बटनां दाबायची हो आप्पा?" धाकू शेठ म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो कीव करून म्हणाला.

अरशदच्या तोंडाशी शब्द आले होते. आप्पांनी नाही केलं, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न येणार, कोणी केलं, आणि उमाताईंची भाकरी जाणार. बरं, उमाताईंना वगळून सांगावं तर काय सांगावं? आप्पांना यातलं काही कळत नाही, मी त्यांना नुसतं मानाला कारभारी केलं होतं, खरं काम त्यांचं नव्हतंच. असं धाकू शेठपुढे, बाबल्यापुढे, जमलेल्या सगळ्यांपुढे सांगायचं? चुकलेला म्हातारा की शोभेचा म्हातारा, यांतलं एक नाव त्याला आप्पांना द्यावं लागणार होतं. त्याला दोन्ही देववेना. तो उभाच राहिला आणि त्याच्या गप्प राहण्याने आप्पा चुकलेले ठरले.

धाकू शेठ आपली वेबसाइट काढून घेऊन गेला. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघे गेले. बाजारपेठेत बोलणं सुरू झालं की बेहेऱ्यांच्या आप्पांना आता भ्रम होतो. रत्नागिरीत अशी बातमी चालत जात नाही, धावते.

संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर आप्पा अरशदच्या शेजारी येऊन बसले.

"माझं नाव काढ त्यातून," ते म्हणाले.

"आप्पा, चूक तुमची नव्हती. माझी होती. मी तुम्हाला तिथे ठेवायला नको होतं."

हे शब्द बाहेर पडले आणि अरशदला आपलीच जीभ चावावीशी वाटली. त्याला धीर द्यायचा होता, आणि जे दिवसभर झाकलं ते त्याने आता आप्पांच्या तोंडावर उघडं केलं होतं.

आप्पा पडद्यावरच्या आपल्या नावाकडे वळले. "मग का ठेवलंस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"अस्सं." आप्पांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, मी लागतो म्हणून ठेवलंस."

 अरशदला म्हणायचं होतं, लागता हो, तुमच्याशिवाय मला आहे कोण. पण आप्पांनी पडद्याकडे बोट केलं, तसं त्याने ते नाव निवडलं आणि काढून टाकलं. नक्की काढायचं का, असं सर्व्हरने एकदा विचारलं. त्याने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा कचेरीत येणार नाहीत, असं तो धरून चालला होता. पण ते आले. कपडे नेहमीसारखे इस्त्रीचे, हातात बागेतली चार अबोलीची फुलं उमाताईंसाठी. उमाताईंना फुलं दिली, नवऱ्याची चौकशी केली. मग ते सर्व्हरच्या खोलीकडे आले. इमारत त्यांची, खोली त्यांची, दार सताड उघडं. आप्पा उंबऱ्याबाहेरच थांबले, चौकटीवर बोटांनी हलकेच टकटक केलं आणि म्हणाले, "अरशद, येऊ का रे आत?"