उजवा पट्टा वर

एकसष्ट वर्षांची झाली तरी घरात तिला धाकटीच म्हणत. चष्म्याच्या दुकानात तिनं तीस वर्षं काड्या बसवल्या, मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू फिरवले, आणि रविवारी तेच हात दादाच्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांना लागले. विमान बांधायचं दादानं, उडवायचं दादानं, मिरवायचंही दादानंच. आतली जोडणी मात्र धाकटीची. पंखाचा पट्टा हलवणारी ती इवलीशी मोटर, म्हणजे सर्व्हो, दुसऱ्या कुणी बसवली तर दादाचं डोकंच फिरायचं.

काय रविवार होते हो ते! जेवणाच्या टेबलावर चार फुटी पंख पसरलेला, घरभर गोंदाचा वास, आणि वहिनी झारा घेऊन दारात उभी. "आज जेवायचंय की विमानंच खाणार आहात?" धाकटीला ऐकू कुठलं यायला! ती विमानाचं नाक मांडीवर घेऊन समोर बसलेली. आधी रिमोट लावून सर्व्हो मध्यावर आणायचा, मगच त्यावर दांडी काटकोनात बसवायची. घाई केली की पट्टा एकीकडे जास्त हलणार नि दुसरीकडे कमी. मग तारेचं एक टोक वाकवून दांडीच्या भोकात घालायचं, दुसरं पट्ट्यावरच्या शिंगाला, म्हणजे उभ्या खुंटीला, अडकवायचं, आणि बोटानं हलवून बघायचं. जरा खुळखुळलं की पुन्हा पहिल्यापासून. दादा शेपटीमागे रिमोट घेऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, "हं, उजवा वर!" मैदानात विमान हवेत फेकायचं काम तिचं, रिमोट दादाचा. एकदाच, अगदी एकदाच तिनं विचारलं होतं, "मी उडवू?" "पुढच्या वेळी," दादा म्हणाला. चाळीस वर्षांत ती पुढची वेळ काही उजाडली नाही.

मग दादाचा हात थरथरायला लागला. आधी सही वाकडी झाली, मग शर्टाची बटणं लागेनात. कपाटावर एक विमान अर्धवट पडलं होतं. पंख, धड, शेपटी सगळं तयार, जोडणी तेवढी राहिलेली. "देऊन टाका कुणाला तरी," म्हणाला आणि खोलीत जाऊन बसला. हात धड असताना त्यानं घासलेला तो शेवटचा पंख. तो न उडताच परक्याच्या घरी जायचा? छे! आपणच उडवायचं, तिनं ठरवून टाकलं.

भाचीनं तिला कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ लावून दिला. तीन महिन्यांत बाईंनी पडद्यावर दोनशे विमानं मातीत घातली असतील. दर वेळी शेजारच्या खोलीतून आवाज यायचा, "अगं, वेग वाढव आधी!" जाऊन विचारावं, तर साहेब भिंतीकडे तोंड करून. "मी कुठं काय बोललो?"

तिन्ही सर्व्हो तिनं एकटीनं बसवले. दोन पंखात, एक शेपटीसाठी. नेहमीसारखं नाक मांडीवर घेतलं, रिमोट शेजारी ठेवला आणि त्याची काठी उजवीकडे ढकलली. तिच्या उजव्या हाताचा पट्टा वर गेला. झालं!

मैदानावर दादा येतच नव्हता. "मी नाही येणार, माझा काय उपयोग तिथं?" शेवटी वहिनीनं चपला त्याच्या पायाशी आणून आपटल्या. तो आला, पण सगळ्यांच्या मागे खुर्ची टाकून फुगून बसला. धाकटीनं विमान वहिनीच्या हातात दिलं, फेकण्याआधी सवयीनं काठी एकदा हलवली.

"थांब!" दादा खुर्चीतून ताडकन उठला. "काठी उजवीकडे, आणि वर जातोय डावा? फेकलं असतंत तर सरळ जमिनीत!"

"मी तपासलं होतं रे."

"कुठं बसून?"

समोर बसून! समोरून बघणाऱ्याची उजवी बाजू म्हणजे विमानाची डावी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण शेपटीमागे ती कधी उभीच राहिली नव्हती.

तिनं रिमोटवरचं पट्ट्यांची दिशा उलटी करायचं बटण सरकवलं. दादानं शेपटीमागून पुन्हा पाहिलं, मान हलवली आणि वहिनीच्या हातातून विमान काढून घेतलं. "हात थरथरला म्हणून फेकता येत नाही की काय?"

विमान गेलं. एकदा डुललं, सावरलं आणि वर चढलं. धाकटीनं तीन फेऱ्या मारल्या. विमान वळताना दादानं एकही सूचना दिली नाही, हे त्याला किती जड गेलं ते वहिनीलाच ठाऊक. उतरताना विमानानं गवतात दोन कोलांट्या खाल्ल्या, पण पंख शाबूत.

दादा विमानापाशी गवतात बसला. "भ्यायचो गं मी," तो म्हणाला. "जोडणी तुझ्यासारखी मला कधी जमली नाही. उडवणंही तुलाच आलं असतं, तर मी कोण राहिलो असतो?"

धाकटीला राग आला. चांगलाच आला, आणि तिनं तो गिळला नाही. "चाळीस वर्षं, दादा! मला किती आवडलं असतं, माहितीय तुला?" म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

दादानं विमान उचलून पंखावरचं गवत झटकलं. म्हणाला, "बॅटरी अजून अर्धी आहे. उठ."

डोळे पुसून ती उठली.