पहिला घाव

मे १९५३, रविवार. महाल भागातल्या आमच्या घराच्या अंगणात हजर: मी, दोन दीर, सासूबाई आणि झाड तोडायला बोलावलेला कुऱ्हाडवाला. कडुनिंबाच्या जागी दिरांना मोटार ठेवायची होती. मोटार तेवढी घ्यायची राहिली होती.

कुऱ्हाडवाल्याने मुळाशी तांदूळ वाहिले. "लावलं कोनं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. तोवर त्यांना विचारण्याइतका वेळ घरात कोणालाच मिळाला नव्हता.

"मंग पयला घाव तुमचा, माय. आमच्यात तसंच रायते."

सासूबाई कुऱ्हाड मांडीवर घेऊन सावलीत बसल्या. "दमली गा मी. उद्या मारीन."

धाकटे दीर त्याच्यावर चिडले. "काहून थांबला? तू मार."

त्याने सासूबाईंशेजारी बसून बिडी पेटवली. "थांबू ना भाऊ. झाड कोठी पळून राहिलं?"

असे कामसू लोक मिळायला भाग्य लागतं. सासूबाई पुढे वर्षानुवर्षं 'उद्या' म्हणत राहिल्या आणि तशाच गेल्या. झाड तोडायचं काम अजून बाकी आहे.