जीवनगौरवाचं पत्र पोचवताना

संगीत मंडळात वीस वर्षं काढली म्हणून माणसाला गाण्यातलं फार कळायला लागतं असं नाही, पण किस्से मात्र ढीगभर जमतात. आमच्या मंडळाचं ऑफिस म्हणजे महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतलं सुभानभाईंचं तबला दुरुस्तीचं दुकान. दर वर्षी आम्ही एका बुजुर्ग कलावंताला जीवनगौरव देतो. निवड झाली की पत्र घेऊन घरी जायचं काम माझं आणि सुभानभाईंचं. लोकांना वाटतं, काय मजा! आनंदाची बातमी द्यायची, पेढा खायचा आणि परत यायचं. आम्ही मात्र बहुतेक वेळा सुन्न होऊन परत आलोय.

मीटिंगमध्ये एकदा एका जुन्या गायकांचं नाव निघालं. वय एक्याऐंशी. सगळे हो म्हणाले, तेवढ्यात आमचे अध्यक्ष बोलले, "पुढच्या वर्षी देऊया की. अजून चांगले खुटखुटीत हायत." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी सेक्रेटरी, त्यामुळे इमानदारीत जसंच्या तसं इतिवृत्तात लिहून ठेवलं.

पुढच्या मीटिंगला नियमाप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचायला उभा राहिलो. ते गायक जाऊन आठवडा झाला होता. 'अजून खुटखुटीत आहेत' या ओळीपाशी आलो आणि जीभच वळेना. कुणी कुणाकडं बघेना. शेवटी अध्यक्ष मान खाली घालून म्हणाले, "वाचलं असं समजा."

कागलचे रज्जाकचाचा क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नाच्या बँडपासून नाटकापर्यंत सगळीकडं त्यांची फुंक. पत्र वाचून म्हातारा खूश झाला. मी सांगितलं, चाचा, कार्यक्रमात तुम्ही दहा मिनिटं वाजवायचं, लोक त्यासाठीच येणार आहेत.

चाचांनी शांतपणे तोंडात बोटं घातली, कवळी बाहेर काढली आणि आमच्या पत्रावर ठेवली. मंडळाच्या लेटरहेडवर दातांची अख्खी रांग! बोळक्या तोंडानं म्हणाले, पुढचे दात जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून क्लॅरोनेट पेटीत बंद आहे. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. सुभानभाई हळूच म्हणाले, मग कार्यक्रमाला याल ना? चाचांनी कवळी परत बसवली.

"येतो की. हार घालून घ्यायला दात लागत न्हाईत."

नलिनीताईंच्या दारात तर आम्हाला पत्ता चुकल्यासारखं झालं. त्यांच्या सुनेनं दार उघडलं. गायनाच्या पुरस्काराचं सांगितल्यावर ती म्हणाली, दुसऱ्या कुणी नलिनीताई असतील, आमच्या आई गात नाहीत. आतून मुलगा आला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, त्यानंही आईचं गाणं कधी ऐकलेलं नव्हतं.

नलिनीताई हात पुसत बाहेर आल्या. पत्र दोनदा वाचलं. एकेकाळी त्यांच्या ऑर्केस्ट्राला लोक थिएटरात उभं राहून गर्दी करायचे, हे मी लहानपणी स्वतः बघितलंय. त्या म्हणाल्या, "जीवनगौरव म्हणताय, पण मी गायले नऊच वर्षं. लग्नानंतर ह्या घरात कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही."

मुलगा मटकन खुर्चीत बसला. सुनेनं विचारलं, आई, मी स्वयंपाक करताना गुणगुणते तेव्हा तुम्ही बाहेर का निघून जाता?

"वरचा सूर लागत नाही गं तुझा," नलिनीताई म्हणाल्या.

एवढं झाल्यावर आम्ही ठरवलं, आता उशीर करायचा नाही. आजऱ्याचा संजय, ढोलकीला जबरदस्त हात, वय चव्वेचाळीस. त्याचं नाव एकमतानं झालं. आम्ही छाती पुढं काढून त्याच्या घरी गेलो. मी पत्र वाचायला लागलो. 'प्रदीर्घ कलासेवेबद्दल कृतज्ञता' हे शब्द आले आणि चहा घेऊन आलेल्या वहिनी तो ट्रे तसाच घेऊन आत गेल्या.

संजयचा चेहरा पांढरा पडला होता. थोड्या वेळानं वहिनींनी सुभानभाईंना बाजूला बोलावलं. डोळे भरलेले. आदल्याच आठवड्यात संजयच्या छातीचा फोटो काढला होता, रिपोर्ट यायचा होता.

"भाई, डॉक्टरांनी तुमाला काय सांगितलंय, ते खरं सांगा."

आम्ही दोघांनी शपथा घेतल्या, तरी त्यांना पटेना. शेवटी मी ते पत्र तिथंच फाडलं. त्या वर्षी संजयला आम्ही युवा पुरस्कार दिला, चव्वेचाळिसाव्या वर्षी! हे तिथंच जाहीर केलं तेव्हा कुठं चहा बाहेर आला.

आणि मग मलकापूर. तिथले गणपतदादा, पेटीची साथ करणारे, वय त्र्याऐंशी. आम्ही पोचलो तेव्हा सतरंजीवर बसून एकटेच पेटी वाजवत होते. "या पावणं," म्हणाले आणि भाता मिटला. मी पत्र वाचून दाखवलं. दादा नीट ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत?"

मला कळेना. ते उठले, कपाटातून एक शाल काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर निघालेली नव्हती. मग स्मृतिचिन्ह काढलं. त्यावर आमच्याच मंडळाचं नाव. मग फोटो. फोटोत दादांना हार घालणारा माणूस मी होतो. शेजारी टाळ्या वाजवत सुभानभाई.

सात वर्षांपूर्वीचा कार्यक्रम. दुकानाची जागा बदलताना जुनं रजिस्टर गहाळ झालं होतं हे खरं, पण माणूस कसा काय गहाळ झाला? मी पुन्हा पुन्हा माफी मागत राहिलो. सुभानभाईंना तर वर बघवेना.

दादा रागावले नाहीत. परत सतरंजीवर बसले आणि पेटी पुढं ओढली.

"तवा भाषणात तुमीच म्हणालासा, दादांची साथ मंडळाला अशीच मिळत राहू दे. तवापास्नं रोज बसतोय पेटीवर. परत शाल बी द्या, हार बी घाला. पर वाजवायला कवा बोलवतायसा?"