पोपटाने जोडलेला चमत्कार

टेकडीवरच्या चर्चमध्ये यात्रेकरूंना माहिती सांगणारा जो गृहस्थ होता, त्याला सगळे पोपट म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे काय म्हणत ते विचारूच नका. पस्तीस वर्षं तीच गोष्ट, तिच्यात ठरल्या जागी तोच खोकला. वादळात सापडलेल्या खलाशांनी मारियामातेला नवस केला, जहाज खडकाला घासून सुखरूप किनाऱ्याला लागलं, आणि त्यांनी शिडाच्या कापडाखाली तिची लाकडी मूर्ती मांडली. तंबूची पुढे झोपडी झाली, झोपडीचं चर्च झालं. दोनदा आग लागली, पण मूर्तीचा एक कान तेवढा काळवंडला. एवढं खरं. चर्चच्या जुन्या वहीत लिहिलेलं.

पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका दुपारी बसभर माणसं जांभया द्यायला लागली, तेव्हा पोपटाने मूर्तीपुढच्या दिव्याकडे बोट केलं आणि दिलं ठोकून. एका विणकरणीच्या गळ्याला म्हणे लिंबाएवढी गाठ होती. या दिव्याचं तेल नऊ दिवस लावलं आणि गाठ लोण्यासारखी विरघळली! जांभया थांबल्या. दुसऱ्या दिवशी लिंबाचं संत्रं झालं.

तेवढ्यावर भागलं असतं, पण लोक तेल मागायला लागले. मग बाटल्या आल्या, बाटल्यांवर मूर्तीचं चित्र आलं, आणि आताचे फादर बदलून आले तेव्हा विणकरीण भिंतीवर रंगवलेलीसुद्धा होती. येताजाता पोपट तिच्याकडे बघून मिशीत हसायचा.

मग त्याच्या बायकोच्या काखेत गाठ आली.

डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासलं. मंगळवारी दाखल व्हा, उशीर अजिबात नको, म्हणाल्या. बायको घरी आली आणि तेलाची बाटली काढून बसली.

"दाखल व्हायचंय ना?"

"नऊ दिवस होऊ देत."

"अगं, ती गोष्ट मी रचली! विणकरीण-बिणकरीण कुणी नव्हतीच."

"तुम्ही? चला, काहीतरीच! बाजारातून चार वस्तू आणायला सांगितल्या तर दोन विसरता, तुम्ही कसली गोष्ट रचताय!"

"तुझी शपथ."

"मला दवाखान्यात धाडायला हे चाललंय. कळतं मला."

पोपट फादरांकडे धावला. फादरांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ चष्मा पुसला. "गोष्ट तुम्हीच रचलीत, कबूल. पण ती सुचवली कुणी?" तरी फादर भले. घरी येऊन तिला म्हणाले, "बाई, तेलही लावा, पण आधी दवाखान्यात जा." ते वळल्यावर ती म्हणाली, "नवे आहेत बिचारे."

मंगळवार गेला. नऊ दिवसही झाले. गाठ तशीच. "मध्ये एकदा माझं लावायचं राहिलं होतं," ती म्हणाली, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.

रविवारी चर्च भरलेलं, ती पहिल्या बाकावर. पोपट गोष्ट सांगत खलाशांपर्यंत आला, खोकायचंही विसरला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तेलाची गोष्ट खोटी आहे. मी रचलेली. आजारी असाल तर डॉक्टरकडे जा."

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि चर्चभर हशा पिकला. शेवटच्या बाकावरचा एक म्हातारा उठला. त्याने कॉलर खाली ओढून गळा दाखवला. "मग इथली गाठ कुणी बरी केली, तुझ्या काकाने?" टाळ्याच पडल्या. पोपटाची बायको हसून हसून डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "घरीसुद्धा असेच हो हे!"

तिसऱ्यांदा एकपासून मोजणं सुरू झालं, तोवर तिचा हात वर जाईना.

"जरा लावता का? माझा हात पोहोचत नाही."

त्याने बाटली तळहातावर कलती केली. गाठ आता चाचपून शोधावी लागत नव्हती.

"हळू," ती म्हणाली. "आणि मनापासून लावा हं. नुसतं चोळून नाही उपयोग."

पोपटाने मनापासून लावलं.