बेनचा डावा कान

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी खिचडी टाकत होते. मुक्ताच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. आदल्या संध्याकाळीच तिने व्हिडिओ कॉलवर बजावलं होतं, "न्यायला येशील तेव्हा माझ्या पेन्सिली आण. गाडीत बसल्या बसल्या हव्याहेत." फोनवरची बाई फार हळुवार बोलत होती, आणि त्या हळुवारपणावरूनच मला कळलं... त्याला आता सात आठवडे झाले.

आयर्लंडमधल्या गॉलवेत आम्ही दोघी तीन वर्षं एका घरात राहिलो. मुक्ता मूळची सांगलीची, इंजिनिअर. कंपनीत दिवसभर लोकांच्या हृदयात घालायच्या बारीक नळ्या तपासायची, आणि स्वतःच्या हृदयाची झडप मात्र लहानपणापासून गळकी. उरलेला सगळा वेळ प्राण्यांची चित्रं, फक्त पेन्सिलीने, केस न् केस खरा. चित्र होत आलं की दाराजवळच्या आरशापुढे यायची, मी तिथे केस विंचरत असले तर "सरक गं जरा" म्हणून मला ढकलायची आणि कागद आरशासमोर धरायची. "आपल्या चुकांना आपले डोळे सरावतात. आरशात बरोबर पकडल्या जातात." मला तेव्हा या कौतुकाचा वैताग यायचा, खोटं कशाला सांगू?

शेजारचे टॉम ऐंशीचे, एकटे. त्यांचा कुत्रा बेन आम्ही इथे यायच्या आधीच गेलेला. मागे उरला फोनमधला एकच फोटो, टॉमनी गालाला गाल लावून स्वतःच काढलेला. त्यावरून मुक्ताने पाच आठवडे खपून चित्र काढलं. ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं, आता सोमवार नक्की होता. लॉकडाउनमुळे कुणाला घरात घेता येत नव्हतं, म्हणून गुरुवारी तिने टॉमना खिडकीच्या काचेतून चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "ग्रँड," म्हणाले. "ग्रँड, ग्रँड." या देशात गार चहालाही ग्रँड म्हणतात.

"नाही आवडलं त्यांना."

"अगं, चांगलं म्हणाले की!"

"तीनदा म्हणाले."

चूक शोधायला ती आरशाकडे गेली, आणि बाहेरून टॉमनी काचेवर थाप मारली. त्यांना खिडकीतून आरसा दिसत होता. "देअर ही इज! दॅट्स माय बेन!"

मग उलगडा झाला. फोनने सेल्फी आरशातल्यासारखा उलटा ठेवला होता. बेनचा फाटका कान डावा, चित्रात तो उजवा. मुक्ताने तिथल्या तिथे नवा कागद काढला.

मी भडकले. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितलेली, चार पायऱ्या चढून हिला धाप लागत होती. पेन्सिलींचा डबा मी स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या कपाटात, इथल्या भाषेत 'प्रेस'मध्ये, टाकला.

"प्रेसमधून डबा काढ."

"आल्यावर काढ ना चित्र! मरायची घाई आहे का?"

"आणि नाही आले तर?"

तोवर हे आम्ही दोघींनीही उच्चारलं नव्हतं. मी खुर्चीवर चढून डबा काढून दिला.

चार दिवस ती काढत होती आणि मी समोर लॅपटॉप उघडून नुसता तिचा श्वास ऐकत होते. पेन्सिलीचा आवाज थांबला की माझी मान वर. ती न बघताच म्हणायची, "आहे अजून. चहा टाक." रविवारी दुपारी चित्र झालं, ते मी टॉमच्या दारात ठेवून आले. सोमवारी तिला हॉस्पिटलच्या दारापाशी सोडलं, पुढे मला प्रवेश नव्हता.

त्या चार दिवसांमुळे काही बिघडलं का, हे मी सर्जनला थेट विचारलं. ते ठामपणे नाही म्हणाले. पटतं मला. रोज नव्याने पटवून घ्यावं लागतं, इतकंच.

बरोबर बेन टॉमच्या शेगडीवरच्या भिंतीवर आहे. चुकलेला माझ्याकडे राहिला, तो मी आरशाच्या समोरच्या भिंतीवर लावलाय. सकाळी केस विंचरताना खांद्यामागे तो दिसतो, डावा कान फाटलेला, अगदी टॉमचा बेन. आणि हातात कंगवा तसाच धरून मी अजूनही जराशी बाजूला सरकते.